परसबागेतील झाडांची पाने का वळतात? निदानाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरचीची पाने वळली की आपल्याकडे कुठे ‘चुरडा-मुरडा’ म्हणतात, कुठे ‘बोकड्या’, तर कुठे ‘कोकडा’. नावे वेगवेगळी असली तरी ती फक्त दिसणाऱ्या लक्षणाची आहेत, कारणाची नाहीत. पाण्याचा ताण, कुजलेली मुळे, फुलकिडे, कोळी (जाळे विणणारा नेहमीचा कोळी नव्हे, तर पानाचा रस शोषणारा अतिसूक्ष्म जीव), मावा, विषाणू, शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेले तणनाशक अशा एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या कारणांनी पान वळू शकते. या प्रत्येकावरचा उपायही वेगळा असतो. म्हणून फवारणीचा पंप हातात घेण्यापूर्वी दहा मिनिटे झाडापाशी बसून ते नीट पाहावे, असा माझा आग्रह आहे. पुढील उत्तरे अंगण, गच्ची, परसबाग आणि लहान शेत यांतील उघड्यावरच्या झाडांसाठी आहेत.

पाने वळलेली दिसल्यावर सर्वांत आधी काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे कोणती पाने वळली आहेत, शेंड्याकडची कोवळी की खालची जून. रस शोषणाऱ्या किडी, विषाणू आणि तणनाशक यांचा परिणाम बहुतेक वेळा नव्या पालवीवर दिसतो, कारण तेथे पेशी अजून वाढत असतात आणि इजा झालेला भाग वाढायचा थांबला की उरलेला भाग त्याच्याभोवती वाकतो. पाण्याचा ताण आणि उष्णता यांचा परिणाम मात्र पूर्ण वाढलेल्या पानांवर किंवा एकदम साऱ्या झाडावर दिसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वळण्याची दिशा. कडा वर येऊन पान होडीसारखे झाले आहे, की कडा खाली जाऊन ते उलट्या होडीसारखे दिसते, की देठासकट खाली लोंबले आहे, हे वेगवेगळे पाहावे. त्यानंतर पान उलटे करून खालची बाजू उजेडात धरावी, कारण मावा, पांढरी माशी, कोळी आणि फुलकिडे यांचा मुक्काम प्रामुख्याने तेथेच असतो. दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग याला पुरते. भिंग नसल्यास पांढरा कागद शेंड्याखाली धरून फांदीवर दोन-तीन टिचक्या माराव्यात. कागदावर पडलेले एक-दोन मिलिमीटर लांबीचे पिवळसर किंवा काळपट कण चालू लागले, तर ते बहुधा फुलकिडे असतात. खोडावरून मुंग्यांची रांग वर जात असेल तर तिच्या मागोमाग नजर न्यावी. मावा किंवा पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतात, त्यासाठी मुंग्या येतात, आणि त्या आपल्याला थेट किडीपर्यंत पोहोचवतात.

शेवटी आजूबाजूला पाहावे. एकाच जातीच्या दोन-तीन झाडांची पाने वळली असतील तर कीड किंवा रोग संभवतो. मात्र वेगवेगळ्या जातींची झाडे एकाच दिवशी आणि एकाच बाजूने वळली असतील, तर कारण हवेत, पाण्यात किंवा फवारणीत शोधावे.

दुपारी वळलेली पाने सायंकाळी सरळ होतात. याला रोग समजावे का?

नाही. मुळे जेवढे पाणी वर पाठवतात त्याहून अधिक पाणी पानांतून उडून जाऊ लागले, की पान आपला उन्हाकडचा पृष्ठभाग कमी करून घेते. ज्वारी आणि मका यांच्या पानांवर वरच्या बाजूला फुगीर पेशींचे पट्टे असतात. त्यांतील पाणी कमी झाले की पान सुरळीसारखे मिटते आणि रात्री पुन्हा उलगडते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, तेव्हा ओल असलेल्या जमिनीतही दुपारी हे दिसते. त्यामुळे झाडाची परीक्षा नेहमी सकाळी सातच्या सुमारास करावी. सकाळीही पाने वळलेलीच असतील, तर मात्र पुढचा तपास सुरू करावा.

गच्चीवरील कुंड्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पूर्ण वाळलेली माती, विशेषतः कोकोपीट जास्त असलेली, वरून दिलेले पाणी शोषत नाही, आणि पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जाते. पाणी दिल्याचे समाधान मिळते, पण मुळे कोरडीच राहतात. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवून खालून भिजू द्यावी आणि नंतर निथळावी.

रोज भरपूर पाणी देऊनही पाने खाली का वळतात?

अनेकदा भरपूर पाणी हेच त्याचे कारण असते. मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही. टोमॅटोसारख्या झाडात अशा वेळी मुळांमध्ये तयार होणारे एक द्रव्य वर जाऊन पानांत इथिलीन वायू निर्माण करते, त्यामुळे देठाची वरची बाजू अधिक वाढते आणि पाने खाली झुकतात. वरून पाहणाऱ्याला झाड तहानलेले वाटते. तो आणखी पाणी घालतो, आणि मुळे कुजू लागतात.

बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहावे. आत ओल असेल तर पाणी देऊ नये. कुंडी विटांवर उचलून ठेवावी, तळाची छिद्रे मोकळी करावीत आणि खालची बशी काढून टाकावी. शंका वाटल्यास मातीचा गोळा कुंडीतून सोडवून मुळे पाहावीत. निरोगी मुळे पांढरट आणि घट्ट असतात, तर कुजलेली तपकिरी, मऊ आणि दुर्गंधी असतात. कोकणातील पावसाळ्यात उघड्यावरच्या कुंड्यांना हा त्रास इतका होतो, की जून ते सप्टेंबर या काळात पान खाली वळले तर मी प्रथम निचराच तपासते.

मिरचीची पाने वळली आहेत. फुलकिडे, कोळी आणि विषाणू यांतील फरक कसा ओळखावा?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि चूकही येथेच सर्वाधिक होते, म्हणून याचे उत्तर विस्ताराने देत आहे.

फुलकिडे कोवळ्या पानांची खालची बाजू खरवडून रस घेतात. त्यामुळे पानाच्या कडा वर वळतात, पान होडीसारखे आणि सुरकुतलेले होते, आणि खालच्या बाजूला शिरांलगत चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे दिसतात. उष्ण आणि कोरड्या हवेत त्यांची संख्या झपाट्याने वाढते, तर जोराच्या पावसाने ती घटते.

कोळी पाने उलट दिशेला वळवतो. कडा खाली जातात, पान उलट्या होडीसारखे, अरुंद, जाडसर आणि चटकन मोडणारे होते, आणि पानाचे देठ लांबून उंदराच्या शेपटीसारखे दिसू लागतात. मिरचीवरील हा पांढरा कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटर लांबीचा आणि जवळजवळ पारदर्शक असतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, जाळीही विणत नाही. ‘पानावर काहीच नाही’ असे म्हणून पुष्कळ लोक या टप्प्यावर विषाणूचा निष्कर्ष काढतात. मी स्वतः एका वर्षी मिरचीची सहा झाडे विषाणूग्रस्त समजून उपटली. त्यांतील एक शेंडा नंतर सहज भिंगाखाली धरला, तेव्हा त्यावर कोळ्यांची अंडी खच्चून भरलेली दिसली. ती झाडे गंधकाच्या दोन फवारण्यांनी सावरली असती, याची खंत अजून वाटते.

विषाणूचे चित्र यापेक्षा वेगळे असते. मिरचीवरील पर्णवलय विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो. पाने वर वळतात, लहान होतात, शिरा जाड होतात आणि शिरांमधला भाग पिवळसर पडतो. दोन पेऱ्यांमधले अंतर इतके कमी होते की झाड झुडपासारखे खुजे दिसते, आणि फुले गळतात. पानाच्या खालच्या बाजूला ओरखडे नसतात. झाड हलवल्यावर बारीक पांढऱ्या माश्या उडत असतील तर संशय बळावतो.

प्रत्यक्षात एकाच झाडावर फुलकिडे आणि कोळी दोन्ही असू शकतात, आणि तेव्हा पाने वर-खाली कशीही पिळवटतात. अशा वेळी नव्या पालवीची परीक्षा उपयोगी पडते. सर्वाधिक वळलेले शेंडे छाटून टाकावेत, किडींवर आठवड्याच्या अंतराने दोन फवारण्या कराव्यात आणि दोन ते तीन आठवडे नव्याने फुटणारी पाने पाहावीत. नवी पाने सरळ आली तर कारण कीड होती. कीड पूर्ण गेल्यावरही नवी पाने आक्रसलेलीच फुटत असतील तर विषाणू गृहीत धरावा. ही वाट पाहण्याच्या काळात झाडावर बारीक जाळी घालावी, कारण ते झाड विषाणूग्रस्त असेल तर पांढरी माशी तेथून शेजारच्या झाडांवर रोग नेईल.

टोमॅटोची खालची पाने सुरळीसारखी गुंडाळली आहेत, पण फळे चांगली लागत आहेत. काही करावे का?

खालची जून पाने लांबीच्या दिशेने वर गुंडाळलेली, चामड्यासारखी जाड, पण हिरवी असतील आणि शेंडा निरोगी असेल, तर हा बहुधा शारीरिक ताण आहे. एकदम जास्त छाटणी, नत्रयुक्त खताचा अतिरेक किंवा पाण्यातील चढउतार यांमुळे असे होते. फळांवर फारसा परिणाम होत नाही, आणि यावर कोणतेही औषध मारू नये. पाणी नियमित द्यावे आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

शेंड्याकडची पाने लहान, कडांना पिवळी आणि वाटीसारखी झाली असतील, तसेच झाडाची वाढ थांबली असेल, तर तो पर्णगुच्छ हा विषाणूजन्य रोग समजावा; टोमॅटोत यालाही बोकड्या म्हणतात.

विषाणू झालेले झाड वाचवता येते का?

येत नाही. विषाणू झाडाच्या पेशींत राहतो आणि त्याला मारणारे कोणतेही औषध नाही. दुकानात ‘व्हायरसवर हमखास’ म्हणून जे दिले जाते, ते फार तर कीड कमी करते किंवा झाडाला थोडे अन्नद्रव्य देते. असे झाड मुळासकट उपटावे, पिशवीत भरून बागेबाहेर न्यावे आणि कंपोस्टच्या ढिगावर तसेच उघडे टाकू नये. पांढरी माशी एकदा हा विषाणू घेऊन बसली की बराच काळ, अनेकदा मरेपर्यंत, तो पसरवत राहते. त्यामुळे एका झाडाची दया दहा झाडांना महाग पडते.

खरा बचाव रोपवाटिकेत होतो. रोपे बारीक जाळीखाली वाढवावीत, पिवळे चिकट सापळे लावावेत आणि जागा असल्यास मिरचीच्या वाफ्याभोवती माशीला आडोसा म्हणून मक्याच्या दोन-तीन ओळी आधीच पेराव्यात.

भेंडी आणि वांगी यांच्या पानांच्या कडा वळून पिवळ्या पडत आहेत. हे कशामुळे?

हे बहुधा तुडतुड्यांचे काम असते. पान उलटे केल्यावर पाचरीच्या आकाराचे, फिकट हिरवे आणि चटकन तिरके चालणारे किडे दिसले तर शंका उरत नाही. ते रस घेताना पानात विषारी लाळ सोडतात, त्यामुळे कडा आधी पिवळ्या पडून वळतात आणि नंतर करपल्यासारख्या तपकिरी होतात. कपाशीवरही हीच कीड येते आणि तेथे कडा लालसर होतात. नत्र जास्त दिल्यास झाड कोवळे आणि लुसलुशीत होते व तुडतुडे अधिक येतात, म्हणून युरिया हात राखून द्यावा.

लिंबू आणि कढीपत्ता यांची कोवळी पाने पिळवटतात. दोघांना एकच रोग होतो का?

ही दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत, त्यामुळे काही किडी समान असतात. लिंबाच्या पानात चंदेरी नागमोडी रेषा दिसत असतील, तर ती नागअळी आहे. ती पानाच्या दोन थरांमध्ये राहून आतला भाग पोखरते. मोठ्या झाडाला यामुळे फारसा धोका नसतो, परंतु त्या जखमांतून खैऱ्या रोगाचा शिरकाव होतो, म्हणून लहान कलमांची काळजी घ्यावी. रेषा नसतील, पण शेंडा आखडलेला, चिकट आणि पांढऱ्या मेणचट धाग्यांनी माखलेला असेल, तर तो सिट्रस सायला होय. लिंबूवर्गीय झाडांतील ग्रीनिंग हा रोग हाच किडा पसरवतो आणि हा किडा कढीपत्त्यावरही वाढतो. त्यामुळे नागपूरसारख्या संत्र्याच्या भागात घरच्या कढीपत्त्याची आखडलेली पालवीही वेळीच छाटून टाकणे शेजारच्या बागायतदाराच्या हिताचे ठरते.

जास्वंद, तुळस आणि फायकस यांचे काय?

जास्वंदीचा शेंडा मुठीसारखा आवळला गेला असेल तर त्यात गुलाबी पिठ्या ढेकूण असतो. कापसासारखा पांढरा थर बाजूला केल्यावर तो दिसतो. असा शेंडा चार बोटे खालून कापून साबणाच्या पाण्यात बुडवावा. नुसती फवारणी आवळलेल्या पानांच्या आत पोहोचत नाही.

तुळशीची पाने वळून राखाडी पडत असतील आणि खालच्या बाजूला काळे बारीक ठिपके असतील, तर जाळीदार पंखांचे छोटे ढेकूण रस शोषत आहेत, आणि ते ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा. तुळशीची पाने आपण खातो, तीर्थात घालतो, म्हणून तिच्यावर रासायनिक औषध कधीही मारू नये. मंजिऱ्यांसह एकतृतीयांश झाड छाटावे आणि आठवडाभर रोज सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा द्यावा, एवढ्याने बहुतेक वेळा काम होते.

कुंपणाच्या फायकसचे पान मधल्या शिरेवर दुमडून पाकिटासारखे बंद झाले असेल, तर ते उघडून पाहावे. आत काळे फुलकिडे आणि त्यांची अंडी असतात. तेथेही छाटणी हाच सोपा उपाय आहे.

पपईची पाने आक्रसली आहेत. फळे मिळतील का?

पाने खाली वाकून उलट्या वाटीसारखी झाली, शिरा जाड झाल्या आणि देठ वेडेवाकडे झाले, तर तो पांढऱ्या माशीने पसरणारा पर्णवलय विषाणू. पाने बुटाच्या नाडीसारखी अरुंद झाली, त्यांवर हिरवे-पिवळे चट्टे पडले आणि फळांवर गोल वलये उमटली, तर तो माव्याने पसरणारा रिंगस्पॉट विषाणू. दोन्ही बाबतींत अशा झाडाकडून चांगल्या फळांची अपेक्षा ठेवू नये. पपईजवळ काकडी, भोपळा, दोडका यांसारखे वेल लावू नयेत, कारण त्यांवर मावा पोसला जातो.

कीड नाही, डाग नाहीत, तरी नवी पाने पंख्यासारखी आणि अरुंद का येतात?

येथे तणनाशकाचा संशय घ्यावा. ज्वारी, मका, ऊस किंवा गहू या पिकांत रुंद पानांचे तण मारण्यासाठी टू-फोर-डी वापरतात. त्याचे बारीक थेंब आणि वाफ वाऱ्यावर दूरपर्यंत जातात. कपाशी, टोमॅटो, द्राक्ष आणि भेंडी ही पिके त्याला अतिशय संवेदनशील आहेत. कपाशीचे पान भेंडीच्या पानासारखे बोटाबोटांचे दिसू लागते, शिरा एकमेकींना समांतर होतात, आणि देठ व शेंडे पिळतात. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे तणनाशकासाठी वापरलेला पंप नीट न धुता त्यानेच झाडांवर फवारणी करणे. तणनाशकाचा पंप कायम वेगळा ठेवावा, या नियमाला माझ्या मते अपवाद असू नये.

मात्रा थोडी असेल तर झाड सावरते आणि तीन-चार आठवड्यांनी सरळ पाने येतात. तोवर नियमित पाणी द्यावे. खाण्याच्या झाडाला थेट फवारा बसला असेल तर त्याची भाजी किंवा फळे खाऊ नयेत.

खत कमी पडल्यामुळे पाने वळतात का?

कधी कधी, पण लोक समजतात तितक्या वेळा नाही. कॅल्शियम आणि बोरॉन कमी पडल्यास अगदी नवी पाने आकड्यासारखी वाकतात, आणि पालाश कमी पडल्यास जुन्या पानांच्या कडा करपून वळतात. याउलट नत्राचा अतिरेक झाला की पाने गडद हिरवी होऊन टोकाशी खाली वाकतात. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे दिलेल्या कुंड्यांत मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा जळतात. अशा कुंडीला आणखी खत दिल्याने नुकसान वाढते. पावसाचे पाणी साठवून तिला दोन-तीन वेळा भरपूर पाणी घालून निथळू द्यावे.

पान गुंडाळलेले आहे आणि आत रेशमी धागे आहेत. हे काय?

ही पाने गुंडाळणारी अळी आहे. भेंडीवर आणि कपाशीवर ती पानाचा भोंगा करते आणि आत राहून पान खाते. गुंडाळी हाताने काढून नष्ट करावी.

निंबोळी अर्क कसा करावा आणि केव्हा फवारावा?

पाच टक्के अर्कासाठी सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड फडक्यात बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावी. सकाळी पुरचुंडी पिळून अर्क गाळावा, एकूण पाणी एक लिटर करावे आणि त्यात दोन ग्रॅम साबणाचा चुरा मिसळावा. निंबोळ्या गेल्या हंगामातील असाव्यात, फार जुन्या झाल्या की त्यांचा गुण उतरतो. अर्क त्याच दिवशी वापरावा. उन्हात त्यातील द्रव्य लवकर नष्ट होते, म्हणून फवारणी सायंकाळी आणि पानांच्या खालच्या बाजूने करावी. सात-आठ दिवसांनी ती पुन्हा करावी, कारण अंडी पहिल्या फवारणीतून वाचतात.

कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला दोन ते तीन ग्रॅम घ्यावे. कडक उन्हाच्या दिवसांत ते मारू नये, आणि कडुनिंबाच्या तेलाची फवारणी केली असेल तर किमान दोन आठवडे थांबावे, अन्यथा पाने भाजतात.

फवारणीपूर्वी मित्रकिडे ओळखावेत. ढालकिड्याची अळी राखाडी, काटेरी आणि इवल्याशा मगरीसारखी दिसते. ती शत्रू समजून मारली जाते, पण ती रोज कितीतरी मावा खाते. माव्याच्या वसाहतीत ती दिसली तर आठवडाभर हात आवरावा.

रासायनिक कीटकनाशक केव्हा वापरावे?

घरच्या बागेत क्वचितच, आणि कारण निश्चित झाल्यावरच. बहुतेक कीटकनाशकांनी कोळी मरत नाही, उलट त्याला खाणारे मित्रकिडे मरून तो वाढतो. विषाणूवर आणि पाण्याच्या ताणावर तर त्याचा काही उपयोगच नाही. दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची पद्धत सोडून द्यावी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. वापरावेच लागले तर त्या पिकासाठी शिफारस असलेले एकच औषध घ्यावे, मुखपट्टी आणि हातमोजे घालावेत, वाऱ्याच्या दिशेला पाठ ठेवावी आणि लेबलवर दिलेल्या काळापर्यंत भाजी तोडू नये.

वळलेली पाने पुन्हा सरळ होतात का?

पाण्याच्या ताणाने वळलेली पाने होतात. किडीने किंवा तणनाशकाने वळलेली होत नाहीत, कारण तो आकार पान वाढतानाच पक्का झालेला असतो. उपाय लागू पडला की नाही, हे जुन्या पानांवरून न ठरवता नव्या पालवीवरून ठरवावे. कीड नसलेली पण वाकडी पाने हिरवी असतील तर ठेवावीत, ती अजूनही झाडासाठी अन्न तयार करत असतात.

निदान जमले नाही तर कोणाला दाखवावे?

आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र किंवा राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांचे वनस्पती रोगशास्त्र व कीटकशास्त्र विभाग यांना नमुना दाखवता येतो. एकच वाळलेले पान नेऊ नये. नुकत्याच वळू लागलेल्या शेंड्यासह एक वीतभर फांदी सकाळी कापावी, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून कागदी पिशवीत ठेवावी आणि त्याच दिवशी पोहोचवावी. प्लास्टिकच्या पिशवीत नमुना घामेजून कुजतो. सोबत त्याच झाडाचे एक निरोगी पान, पूर्ण झाडाचे छायाचित्र, आणि गेल्या महिन्यात दिलेले पाणी, खत व फवारण्या यांची तारखांसह नोंद न्यावी. मुळांबद्दल शंका असेल तर मूठभर मुळे मातीसकट वेगळ्या पुडीत द्यावीत.